चारही पर्याय बरोबर, मग उत्तर एकच का?

अधिपरिचारिका पदाच्या भरतीची परीक्षा झाली, किंवा एम्स २०२० पासून घेत असलेल्या नॉरसेट या परिचारिका भरतीच्या परीक्षेचा निकाल लागला, की लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या अभ्यासिकांमधून एक तक्रार हमखास ऐकू येते : "चारही पर्याय बरोबर होते, तरी माझे उत्तर चुकले." तक्रार करणारी मुलगी बहुधा अभ्यासू असते. जीएनएम या पदविकेची तीन किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे तिने वॉर्डात उभी राहून काढलेली असतात. घरच्यांना वाटते की प्रश्नपत्रिकेतच घोळ असावा. या तक्रारीतले पहिले अर्धे वाक्य अगदी खरे आहे. चारही पर्याय पुष्कळदा बरोबरच असतात. गुण जातात ते प्रश्नात काय विचारले आहे हे न पाहिल्यामुळे.

नमुन्यादाखल मी बेतलेला एक प्रश्न पाहा. सकाळी आठला तुम्ही रात्रपाळीच्या सिस्टरकडून ओव्हर, म्हणजे वॉर्डाचा ताबा, घेतली आहे. पहिल्या खाटेवरच्या तरुणाचे काल अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले असून तो वेदनेने कण्हत आहे. दुसऱ्या खाटेवर दम्याचे आजोबा आहेत. रात्रभर त्यांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, तो पहाटेपासून थांबला आहे आणि आजोबा गुंगीत पडून आहेत. तिसऱ्या खाटेवरच्या मधुमेही बाईंची नाश्त्यापूर्वीची साखर २१० आहे. चौथ्याचे नातेवाईक डिस्चार्जच्या कागदांसाठी दारात उभे राहून आवाज चढवत आहेत. तुम्ही आधी कोणाकडे जाल?

वेदना कमी करणे, साखरेकडे लक्ष देणे आणि नातेवाइकांशी नीट बोलणे ही तिन्ही कामे परिचारिकेचीच आहेत. तरीही उत्तर एकच आहे, आणि ते दुसरी खाट हे आहे. बरेच विद्यार्थी नेमके तिथेच फसतात, कारण आवाज थांबला म्हणजे आजोबांना आराम पडला असे त्यांना वाटते. बासरीत फुंकर शिरली तरच सूर निघतो. दम्याने श्वासनलिका इतक्या आवळल्या की त्यांतून हवाच जाईना, तर शिट्टी वाजणार कशाने? दम्याच्या रुग्णाची छाती अशी एकाएकी गप्प झाली आणि तो गुंगू लागला, तर ती धोक्याची शेवटची घंटा समजायची असते.

आधी कोण, हे ठरते कसे?

कोणते काम आधी आणि कोणते मागून, या क्रमाला नर्सिंगच्या भाषेत प्राधान्यक्रम म्हणतात. तो समजण्यासाठी पुस्तक उघडण्याआधी दसऱ्याच्या सुमारास खळ्यावर जाऊ या. सोयाबीनची रास उघड्यावर पडली आहे, आभाळ भरून आले आहे, घराच्या माळवदातून एका कोपऱ्यात पाणी ठिबकते, ओसरीवर पाहुणे चहाची वाट पाहत आहेत आणि बैलांना पाणी दाखवायचे राहिले आहे. यांतले एकही काम खोटे किंवा टाळण्याजोगे नाही, पण घरातली सगळी माणसे ताडपत्री घेऊन राशीकडे धावतात, कारण भिजलेली रास पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. ठिबकणाऱ्या पाण्याखाली भांडे ठेवता येते आणि पाहुण्यांना थांबवताही येते. जे नुकसान थोड्याच वेळात होणार आहे आणि झाल्यावर भरून येणार नाही, त्याच्याकडे पहिल्यांदा पाहायचे, एवढेच प्राधान्यक्रमाचे तत्त्व आहे.

शरीराच्या बाबतीत हे नुकसान सर्वांत लवकर श्वासमार्ग बंद झाल्याने होते, त्यानंतर श्वास अपुरा पडल्याने आणि मग रक्ताभिसरण ढासळल्याने. म्हणून श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण हा क्रम विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला जातो. त्याच्या जोडीला आणखी काही कसोट्या असतात. जुन्या दुखण्यापेक्षा नव्याने उद्भवलेले आधी, स्थिर रुग्णापेक्षा अस्थिर आधी, आणि उद्या होऊ शकणाऱ्या त्रासापेक्षा आज होत असलेला आधी. मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलेली गरजांची उतरंडही इथे कामी येते : हवा, पाणी, अन्न, झोप या शरीराच्या गरजा भागल्यावर सुरक्षितता, आणि त्यानंतर आपुलकी व मानसन्मान.

नियम पाठ केला की भागते का?

भागत नाही, आणि परीक्षक याच ठिकाणी मेख मारून ठेवतो. उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेल्या माणसाच्या मांडीतून रक्ताची चिळकांडी उडत असेल, तर 'श्वासमार्ग आधी' म्हणत त्याच्या तोंडात डोकावत बसणाऱ्या परिचारिकेसमोर तो रक्तस्रावाने जाईल. तिथे रक्त दाबून धरणे हेच पहिले काम असते. हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाबाबत तर अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये क्रमच बदलला आणि छाती दाबणे आधी आणले.

दुसरा चकवा 'आधी तपासणी, मग कृती' या नियमाचा आहे. माहिती अपुरी असेल तर उत्तर बहुधा तपासणीचेच असते. रुग्णाला चक्कर येते, एवढेच सांगितले असेल तर आधी नाडी, रक्तदाब आणि साखर पाहायची. पण तपासणीचे निष्कर्ष प्रश्नानेच दिलेले असतील तर पुन्हा तपासत बसणे म्हणजे वेळ घालवणे. रक्ताची पिशवी लावून दहा मिनिटे झाली आहेत, रुग्णाला हुडहुडी भरली आहे आणि कंबर दुखते म्हणून तो तळमळतो आहे, असा प्रश्न घ्या. डॉक्टरांना कळवणे, ताप पाहणे, पिशवीवरचा क्रमांक ताडून पाहणे आणि रक्त बंद करणे हे चार पर्याय समोर आहेत. चारही गोष्टी करायच्याच आहेत, पण ही लक्षणे चुकीच्या गटाच्या रक्ताची असू शकतात, आणि फोन लागेपर्यंत ते रक्त थेंब थेंब आत जातच राहील. म्हणून आधी रक्त बंद करायचे. मग नवी नळी लावून नॉर्मल सलाईनने शीर चालू ठेवायची, डॉक्टरांना बोलवायचे, आणि पिशवी व नळी फेकून न देता रक्तपेढीकडे परत पाठवायची.

तिसरा चकवा आपल्या भागाला फार जवळचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमधून मातीखालची माणसे एकाच वेळी निघत होती. अशा प्रसंगी वॉर्डातला नियम अपुरा पडतो. वॉर्डात सर्वांत अत्यवस्थ रुग्ण आधी पाहिला जातो. आपत्तीत मात्र हात थोडे आणि जखमी अनेक असतात, त्यामुळे तातडीने मदत मिळाल्यास जो वाचेल त्याला लाल खूण, थोडे थांबू शकणाऱ्याला पिवळी, चालत येणाऱ्याला हिरवी, आणि मृत किंवा वाचण्याची आशा नसलेल्याला काळी खूण लावतात. या वर्गवारीला ट्रायाज असे नाव आहे. 'सर्वांत गंभीर रुग्ण' या पर्यायावर डोळे झाकून खूण करणारा विद्यार्थी आपत्तीच्या प्रश्नात हटकून गुण गमावतो. हा क्रम कठोर आहे. वर्गात शिकवताना मला तो कधी सहज उच्चारता आलेला नाही.

औषधांच्या प्रश्नात क्रम कुठून आला?

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पहिल्या वर्षापासून कानावर पडतात. यांतली सर्वांत सोपी वाटणारी पहिली गोष्टच वॉर्डात दगा देऊ शकते. "तुम्हीच ना सखुबाई?" असे विचारले की कमी ऐकू येणारी किंवा घाबरलेली म्हातारी मान डोलावते. म्हणून "आजी, तुमचे पूर्ण नाव सांगा" असे विचारायचे आणि ते केसपेपरशी ताडून पाहायचे. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, कारण रुग्ण खाट बदलतात.

यापुढच्या प्रश्नांचा साचा एकच असतो : हे औषध देण्याच्या अगोदर काय पाहाल, आणि काय दिसले तर देणार नाही? हृदयाचे डिगॉक्सिन देण्यापूर्वी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. प्रौढ रुग्णात ते ६० पेक्षा कमी भरले तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचे. रुग्णाला मळमळत असेल, सगळे पिवळसर दिसत असेल किंवा रक्तातले पोटॅशियम उतरलेले असेल, तर या औषधाची विषबाधा मनात आणायची. पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन तर पातळ न करता शिरेत कधीच ढकलायचे नाही, कारण त्याने हृदय बंद पडते. पर्यायांत 'शिरेतून हळूहळू द्या' असे लिहिलेले असले तरी त्या 'हळूहळू'ला भुलू नये.

इन्सुलिनचा घोळ थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण तो परीक्षेबाहेरही घडतो. आपल्याकडच्या बहुतेक कुप्यांमध्ये एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची ४० खुणांची सिरिंज मिळते. १०० युनिटांच्या इन्सुलिनसाठी नारिंगी टोपणाची वेगळी सिरिंज असते. ४० च्या कुपीतले औषध १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला २० ऐवजी फक्त ८ युनिट मिळतात. उलट केले, म्हणजे १०० चे औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर ५० युनिट जातात आणि साखर धाडकन उतरते. शेरानेच धान्य मोजायचे खरे, पण दुकानदाराचा शेर आणि घरातला शेर एकाच मापाचे आहेत का, ते आधी पाहावे लागते.

गणिताची भीती बाळगणाऱ्यांसाठी एक हिशेब इथेच करू. १००० मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचे आहे आणि एका मिलिलिटरला २० थेंब पडणारा सेट आहे. एकूण थेंब २०,०००, एकूण मिनिटे ४८०, भागाकार ४१.६७, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. याहून अवघड गणित सहसा येत नाही.

आपल्या मातीतले एक औषध प्राझोसिन. विंचूदंशावर त्याचा उपयोग होतो हे जगापुढे मांडणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, आणि त्यांनी काम केले ते महाडमध्ये. हे औषध रक्तवाहिन्या सैल करते. म्हणून गोळी दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवायचे आणि एकदम उठून बसू द्यायचे नाही, नाहीतर रक्तदाब उतरून तो कोसळू शकतो. 'गोळी दिल्यानंतर परिचारिकेने काय सांगावे', या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या कार्यातूनच निघते. ज्याने फक्त नाव आणि मात्रा पाठ केली, त्याला ते सापडत नाही.

रुग्णाला समजावणे हे डॉक्टरांचे काम नाही का?

निदान आणि उपचार सांगणे डॉक्टरांचे काम आहे. पण ते उपचार घरी कसे निभावायचे हे शिकवणे परिचारिकेच्या कामाचा भाग आहे, आणि परीक्षेत त्यावर भरपूर प्रश्न असतात. त्यांचा ठरलेला साचा असा : 'रुग्णाच्या कोणत्या वाक्यावरून त्याला आणखी शिकवण्याची गरज आहे असे वाटते?' इथे चुकीचे वाक्य हेच बरोबर उत्तर असते. घाईत वाचणारे विद्यार्थी बरोबर वाक्यावर खूण करून मोकळे होतात.

इन्सुलिन घेणाऱ्या बाई म्हणतात : "मी टोचायची जागा रोज बदलते." "घाम फुटून हातपाय थरथरले की लगेच साखर खाते." "बाटली फ्रीजमध्ये ठेवते, पण बर्फाच्या कप्प्यात नाही." "एकादशीला काही खात नाही, पण इन्सुलिन नेहमीएवढेच टोचते." शिकवण्याची गरज अर्थातच चौथ्या वाक्यात आहे. इंग्रजी पुस्तकात तिथे 'जेवण चुकवते' असे असेल. आपल्या वॉर्डात तीच गोष्ट एकादशी, चतुर्थी किंवा रोजाच्या रूपाने येते. "उपास करू नका" असे सुनावले, तर आजी मान डोलावतील आणि घरी जाऊन उपास धरतीलच. त्यापेक्षा उपासाच्या आधी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्या, सोबत साखर ठेवा, आणि थरथर सुटली तर उपास त्याच क्षणी सोडा, हे सांगणे उपयोगाचे ठरते. फ्रीज नसलेल्या घरी हेही सांगावे लागते की मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा बाटली पिशवीत घट्ट बांधून ओल्या वाळूतल्या माठात ठेवावी, पत्र्याखालच्या फडताळात नव्हे.

शिकवून झाल्यावर "समजले का?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी "हो" असेच येते. "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल, ते मला सांगून दाखवा" असे म्हटले की खरी परीक्षा होते. ओआरएसचे पाकीट देऊन मी एकदा असेच विचारले, तेव्हा लेकराची आई सहजपणे म्हणाली की ती थोडी थोडी पूड ग्लासात टाकणार आहे. पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायचे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यायचे, हे मी दोनदा सांगून झाले होते. थोडी पूड अंदाजाने टाकली तर मिठाचे प्रमाण बिघडते, आणि फार दाट झालेले पाणी लेकराला अपाय करते.

क्षयरोगाच्या रुग्णाला काय सांगायचे, हा प्रश्नही वरचेवर येतो. रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचे औषध सुरू झाले की लघवी नारिंगी होते. हे आधी सांगितले नाही, तर माणूस रक्त पडते आहे असे समजून गोळ्या बंद करतो. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिने चालतो, आणि बीड जिल्ह्यातले ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडून साखर कारखान्यांकडे जाते ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. त्या कुटुंबातल्या रुग्णाला 'गोळ्या नियमित घ्या' एवढे सांगणे अपुरे आहे. किती दिवसांच्या गोळ्या सोबत न्यायच्या, आणि तळ पडेल तिथल्या आरोग्य केंद्रात उपचाराचे कार्ड दाखवून पुढच्या गोळ्या कशा मिळवायच्या, हे कारखान्याची गाडी निघण्याआधी सांगावे लागते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला त्या गोळ्यांचा परिणाम रिफाम्पिसिनमुळे घटतो हेही सांगायला हवे. हे वाक्य सांगताना आपल्याकडे संकोच आड येतो.

अमेरिकी पुस्तकांतले प्रश्न सोडवावेत का?

सोडवावेत, पण डोळे उघडे ठेवून. बाजारातले बरेच सराव प्रश्न अमेरिकेतल्या परवाना परीक्षेच्या धर्तीवर बेतलेले असतात. त्यांत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन आणि ॲड्रेनॅलिनला एपिनेफ्रिन म्हटलेले असते, इन्सुलिन १०० युनिटांचेच गृहीत धरलेले असते, आणि कोणते काम कोणत्या दर्जाच्या मदतनिसाकडे सोपवावे असे प्रश्न असतात. त्यांतली कामाची वाटणी तिकडच्या कायद्याप्रमाणे असते, इकडची नव्हे. त्यांतून विचाराची पद्धत घ्यावी. तपशील मात्र आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकाशी आणि सरकारी मार्गदर्शक सूचनांशी ताडून पाहावेत.

"एका सिस्टरच्या वाट्याला अख्खा वॉर्ड असताना हे जमते का?"

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो आणि मी तो हसून उडवून लावणार नाही. परीक्षेतल्या वॉर्डात मनुष्यबळ पुरेसे असते, औषध कपाटात असते, आणि परिचारिकेला एका वेळी एकच गोष्ट करायची असते. प्रत्यक्षात ती एका हाताने सलाईन बदलत दुसऱ्या हाताने रजिस्टर ओढते. परीक्षेत मात्र आदर्श परिस्थिती धरूनच उत्तर द्यावे. 'आमच्याकडे असे होत नाही' हा विचार त्या तासापुरता दाराबाहेर ठेवावा. मनुष्यबळाच्या तुटवड्याची लढाई वेगळी आहे आणि ती लढायलाच हवी. तोवर, चाळीस खाटांपैकी कोणत्या खाटेपाशी आधी थांबायचे, हे जिला पाहताक्षणी उमगते तिच्या हातून कमी माणसे निसटतात.

सराव नेमका कसा करावा?

रोज दोनशे प्रश्न सोडवून उत्तरतालिका पाहणाऱ्यांपेक्षा तीस प्रश्न सोडवून प्रत्येक नाकारलेल्या पर्यायापुढे एक ओळ लिहिणारे पुढे जातात, असा माझा अनुभव आहे. ती ओळ 'चूक' एवढीच नसावी. 'बरोबर, पण यानंतर', 'बरोबर, पण या रुग्णासाठी नव्हे', 'आधीच तपासून झाले' अशी असावी. 'आधी', 'सर्वांत महत्त्वाचे', 'वगळता' आणि 'आणखी शिकवण्याची गरज' या शब्दांखाली रेघ ओढूनच पर्यायांकडे वळावे.

सुरुवात या प्रश्नापासून करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून झटके आलेल्या गरोदर बाईला ते झटके आवरणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मोठ्या रुग्णालयात आणले आहे आणि तिथे शिरेतून तेच औषध चालू आहे. तिचा श्वास मिनिटाला १० वर आला आहे, गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही, आणि चार तासांत लघवी जेमतेम ६० मिलिलिटर झाली आहे. पर्याय असे : डॉक्टरांना कळवणे, कॅल्शियम ग्लुकोनेट भरून घेणे, मॅग्नेशियम बंद करणे, बाळाचे ठोके ऐकणे. पुढचा डोस देण्यासाठी श्वास किमान १६, गुडघ्याचा झटका शाबूत आणि लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर लागते, हे ठाऊक असेल तर तिन्ही खुणा विषबाधेच्या आहेत हे कळते. चारही कामे तुमचीच आहेत. आधी मॅग्नेशियम बंद करा आणि श्वासाला आधार द्या, त्याच वेळी डॉक्टरांना हाक मारा, मग उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट त्यांच्या हाती द्या. बाळाचे ठोके त्यानंतर ऐका, कारण आईचा श्वास थांबला तर ते ऐकायला उरणार नाहीत.